गावाच्या सातबाऱ्यावर खेळाचे वीस गुंठे

“गावात मैदान कशाला पाहिजे? अख्खं शिवार मोकळं आहे की पोरांना!” ग्रामसभेत खेळाच्या जागेचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याच्या लहानपणी ते खरंच होतं. सुगी उरकली की ज्वारीची रानं मोकळी पडायची, मळणी संपली की सारवलेलं खळं पोरांच्या ताब्यात यायचं, ओढ्याच्या वाळूत लंगडी आणि हुतूतू चालायचं. पण ते शिवार आता राहिलेलं नाही, आणि ते का राहिलं नाही हे समजल्याशिवाय मैदानाची मागणी कुणाला पटायची नाही.

ज्या गावांत पाणी आलं तिथं रान मोकळं पडतच नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, तो तुटला की त्याचाच खोडवा. द्राक्ष-डाळिंबाच्या बागांना तारेचं कुंपण आलं, रानडुकरांच्या धास्तीनं बांधावर झटका मशीन आलं. मळणी यंत्र आल्यावर खळ्याचं कामच उरलं नाही, मळणीच्या बैलांची पात फिरायची ती जागा नांगराखाली गेली. ओढ्यातली वाळू ट्रॅक्टरमध्ये भरून गेली. कोरडवाहू भागात अजून माळ दिसतो, पण तालुक्याच्या आसपास असेल तर त्यावर प्लॉटिंगचे दगड लागलेले असतात.

आणि शेततळी आली. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली. कोरडवाहू शेतकऱ्याला शेततळ्यांचा मोठा आधार झाला, त्याबद्दल दुमत नाही. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या उतरत्या कडा ओल्या झाल्या की त्यांवर पाय ठरत नाही. पोहता येणारा मोठा माणूस आत घसरला तरी दोराशिवाय त्याला वर येणं मुश्कील होतं, लेकराची काय कथा. शाळेला सुट्टी लागली की शेततळ्यात बुडून मुलं गेल्याची बातमी राज्याच्या कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून येतेच. तळ्याला कुंपण हवं, दोर हवा, हे सगळं खरं. पण एप्रिल-मे महिन्यात दिवसभर मोकळ्या असलेल्या मुलांना गावानं दुसरी कुठली जागा दिली होती, हा प्रश्न त्या बातमीनंतर कुणी विचारत नाही.

मोठ्या पोरांचं वेगळं. पहाटे पाचच्या सुमारास कुठल्याही तालुक्यातल्या रस्त्यानं जा, गटागटानं धावणारी भरतीची पोरं दिसतील. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. पन्नास गुणांची ही शारीरिक चाचणी, आणि तिची तयारी ही मुलं डांबरी रस्त्यावर करतात. रस्त्याच्या कडेला ऑइलपेंटनं मारलेल्या खुणा असतात: शून्य, ४००, ८००, १६००. एक जण मोबाइलवर वेळ लावतो, एक जण मागून येणाऱ्या गाडीकडे लक्ष ठेवतो, बाकीचे पांढऱ्या पट्टीच्या आत राहायची धडपड करत पळतात. मुली असतील तर मागून कुणाचा तरी भाऊ नाहीतर वडील मोटारसायकल हळू चालवत येतात. ऊसतोडीचा हंगाम असला की समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वर धुकं, आणि ट्रॉलीला मागे दिवा नाही. डांबरावर रोज पळून नडग्या धरतात, ते दुखणं तर सगळ्यांनाच. धावणाऱ्या मुलांना वाहनानं उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर तीच मुलं पळत असतात, कारण गावात सलग पळता येईल अशी दुसरी जागाच नाही.

या गोष्टीकडे सरकारचं लक्ष कधी गेलंच नाही, असं नाही. २००८-०९ मध्ये केंद्र सरकारनं ‘पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान’ सुरू केलं. आपल्याकडे ते ‘पायका’ या नावानं ओळखलं जायचं, पायकाच्या स्पर्धा अनेकांना आठवत असतील. दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं देशातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत खेळाची जागा तयार करायची, हा त्याचा संकल्प होता. त्यात ‘क्रीडाश्री’ नावाचा एक मानधनावरचा कार्यकर्ताही होता, मुलांना मैदानावर आणण्याची जबाबदारी त्याची. दहा वर्षं पुरी व्हायच्या आतच, २०१४ मध्ये, त्या जागी ‘राजीव गांधी खेल अभियान’ आलं आणि लक्ष गावावरून तालुक्याच्या क्रीडा संकुलाकडे सरकलं. पुढे ‘खेलो इंडिया’ आली, तिचा भर गुणवंत खेळाडू शोधून त्यांना घडवण्यावर. आपल्या राज्याचं धोरणही तालुका, जिल्हा, विभाग अशा संकुलांच्या उतरंडीचंच आहे. संकुलं वाईट नाहीत. पण वीस किलोमीटरवरच्या संकुलात सातवीतली मुलगी शाळा सुटल्यावर खेळायला जाईल कशी? शेवटच्या एसटीची वेळ आणि संकुलाची वेळ यांचा मेळ बसत नाही. संध्याकाळी तिच्याकडे फार तर दीड तास असतो, आणि तो दीड तास चालत जाता येईल अशाच जागेसाठी असतो.

खेळाच्या बाजूनं बोलणारेही इथं एक चूक करतात असं मला वाटतं. आपण लगेच पदकांची भाषा सुरू करतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओच्या अंतिम शर्यतीत धावली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. या माणसांचा अभिमान कुणाला नसेल? पण ‘गावातून ऑलिंपिक खेळाडू निघेल म्हणून मैदान द्या’ असं म्हटलं की दहा वर्षांत कुणी निघालं नाही म्हणून ते मैदान काढूनही घेता येतं. ज्या मुलाला आयुष्यात एकही पदक मिळणार नाही, त्याच्यासाठी मैदान लागतं. त्याला धावायचं असतं, पडायचं असतं, भांडून पुन्हा डावात यायचं असतं. गावात नळ हवा तो जलतरणपटू घडावेत म्हणून नव्हे, तसंच हे आहे.

मग पैसा जातो कुठं? तो मुख्यतः साहित्यात जातो. गेल्या काही वर्षांत गावोगाव खुल्या व्यायामशाळा उभ्या राहिल्या, ‘ओपन जिम’ असंच सगळे म्हणतात. आमदार निधी, ‘२५१५’ या लेखाशीर्षाखालचा ग्रामविकासाचा निधी, जिल्हा नियोजन, कुठून ना कुठून पैसा येतो. माझ्या पाहण्यातली अशी एक जिम स्मशानाच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीखाली आहे. सहा यंत्रं, चार फुटांवर काँग्रेस गवत. पायानं झुलायच्या यंत्राची बेअरिंग गेली आहे, ते एका बाजूला कलून अडकलं आहे. छातीच्या व्यायामाचं यंत्र मोठ्या माणसाच्या मापाचं, त्यामुळे लहान मुलं त्याच्या दांड्याला लोंबकळतात आणि बोटं चेमटतात. पायाचं काँक्रीट दोन ठिकाणी उघडं पडलं आहे. देखभालीची जबाबदारी कुणावर आहे हे ग्रामपंचायतीत विचारलं तर नक्की उत्तर मिळत नाही. ते काम ज्यांनी आणलं त्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण आपली सगळी व्यवस्थाच अशा वस्तूंकडे ओढली जाते. यंत्राचं अंदाजपत्रक होतं, निविदा निघते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, उद्घाटन होतं. रिकाम्या जागेचं बिल निघत नाही. म्हणून रिकामी जागा राखणं हे काम आपल्याकडे कामच धरलं जात नाही, आणि गावात मोकळी दिसेल त्या जागेवर काही ना काही बांधलं जातं. समाजमंदिर, व्यापारी गाळे, आणखी एक समाजमंदिर, टाकी, अंगणवाडी. यांतल्या बऱ्याचशा गोष्टी गरजेच्या आहेत, पण त्या सगळ्या एकाच पटांगणातून कापून घेतल्या जातात.

शाळेच्या पटांगणाची तर फारच आबाळ झाली. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान असावं असं स्पष्ट म्हटलं आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांना जुन्या माणसांनी मनापासून मोठी जागा दिली होती. आज तिथं कोपरा कोपरा करून इमारती आल्या. जे उरलं त्याला शाळा सुटल्यावर कुलूप. कुलूप का, हेही समजून घ्यायला हवं: रात्री तिथं बाटल्या फोडल्या जातात आणि सकाळी काचा मुख्याध्यापकांना वेचाव्या लागतात. पण म्हणून संध्याकाळी पाच ते सात या वेळेतही ते बंद ठेवायचं कारण नाही. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांनी एक लेखी ठराव करून त्या दोन तासांची जबाबदारी ग्रामपंचायतीनं घेतली, तर हा प्रश्न एक रुपया न लागता सुटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: प्रत्येक गावानं वीस गुंठे जागा खेळासाठी राखावी, ती कागदावर नोंदवावी, आणि तिच्यावर काहीही बांधू नये. वीस गुंठेच का? हिशोब करून पाहू. वीस गुंठे म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर, साधारण ५० बाय ४० मीटर. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, भोवतीची मोकळी पट्टी धरून सहा गुंठ्यांत बसतं. कबड्डीचं १३ बाय १०, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९. ही तीनही मैदानं भोवतालच्या जागेसह धरली तरी आठ गुंठे उरतात. त्यात लहान मुलांसाठी झोके, वाळूचा चौक आणि सावलीची झाडं. सगळ्याच्या कडेनं पायवाट आखली तर एक फेरी १८० मीटरच्या आसपास भरते. नऊ फेऱ्या मारल्या की १६०० मीटर पूर्ण. भरतीच्या पोरांना रस्त्यावरून उतरवायला एवढं पुरतं. क्रिकेटला यात जागा नाही, हे मान्य, आणि गावातली तरुण पोरं यावर नाराज होतील. पण क्रिकेटची मोकळी जागा धरली की बाकी सगळे बाहेर फेकले जातात, हेही आपण रोज पाहतोच.

आता जागा कुठं, हा प्रश्न क्षेत्रफळापेक्षा मोठा आहे. बहुतेक वेळा मैदानासाठी गावाबाहेरचा, कुणालाच नको असलेला तुकडा सुचवला जातो: गायरानाच्या टोकाला, कचरा टाकतात तिथं, खाणीच्या शेजारी. तिथं मैदान झालं तर ते फक्त सोळा ते पंचवीस वयाच्या मुलांचं मैदान होतं. मुली तिथं जाणार नाहीत, घरचे पाठवणार नाहीत, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. मराठवाड्यात, सांगली-साताऱ्यात खो-खोत मुलींनी नाव काढलं. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. या खेळाला ना महागडं साहित्य लागतं ना बूट. तरीही गावातल्या बहुतेक मुलींची खेळाशी गाठ सातवी-आठवीत सुटते. शाळेचं पटांगण सुटलं की खेळ सुटला. त्यानंतर मैत्रिणींसोबत नुसतं उभं राहायलाही जागा नाही. मुलग्यांना पार आहे, चावडी आहे, चौकातली पानटपरी आहे. मुलींना नागपंचमीला झोका मिळतो. म्हणून मैदान वस्तीला लागून हवं, दहा-वीस घरांच्या ओट्यांवरून नजरेत येईल असं हवं, आणि तिथं दिवा हवा. दोन चांगले दिवे आणि जवळ एक स्वच्छ स्वच्छतागृह, एवढ्यानं मुलींची संख्या जितकी वाढेल तितकी महागड्या साहित्यानं वाढणार नाही.

हीच कसोटी वस्त्यांनाही लावायला हवी. गावाच्या एका टोकाला मैदान आणि दुसऱ्या टोकाला बौद्धवाडा, मातंग वस्ती, पारधी पाल, अशी रचना असेल तर ते मैदान कुणाचं होणार हे आधीच ठरतं. ‘गावचं मैदान’ म्हणताना त्या गावात कोण कोण मोजलं आहे, हे जागा निवडतानाच दिसतं. दोन्हीकडून सारख्या अंतरावरची जागा मिळत नसेल, तर वस्तीकडची निवडावी. गावातली मुलं चालत तिकडे जातील, त्यात त्यांचं भलंच आहे.

जागा आहे का, असं विचारतात. बहुतेक गावांत आहे, पण ती शोधावी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम २२ मध्ये सार्वजनिक कामांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे, आणि त्या यादीत चराई, स्मशान, बाजार, रस्ते यांच्याबरोबर खळवाडी, म्हणजे मळणीच्या खळ्यांची जागा, आहे आणि उद्यानही आहे. अनेक गावांच्या दप्तरात खळवाडी म्हणून नोंदलेला गट आजही आहे. मळणीचं काम तिथून उठलं त्याला जमाना झाला. कुणी कडब्याच्या गंजी लावल्या, कुणी पत्र्याचं शेड घातलं, कुणी ट्रॉली उभी केली. मैदानासाठी सगळ्यात आधी हा गट तपासावा, कारण तो गावालगत असतो आणि बहुधा सपाट असतो. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनमोजणी झाली, घरांना सनदा मिळाल्या. त्या नकाशावर सार्वजनिक मोकळ्या जागाही दिसतात. तो नकाशा ग्रामपंचायतीत मागून घ्यावा. तालुक्यालगतच्या गावांत आणखी एक वाट आहे. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ही ‘ओपन स्पेस’ नकाशावर असते, जागेवर तिचं काय झालं ते पाहणं गावाच्या हातात आहे.

गायरानाबद्दल मात्र सांभाळून बोललं पाहिजे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवण्याबाबत सर्व राज्यांना निर्देश दिले. सामायिक जमिनीच्या बाजूचा हा फार महत्त्वाचा निकाल आहे. पण त्याच निकालात अपवादही सांगितले आहेत: भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी आदेशानं दिलेली जमीन, किंवा जिथं शाळा-दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय आधीच आहे अशी जागा. महाराष्ट्रात दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, त्यामागे याच जमिनींचा प्रश्न होता. मैदान करायचं म्हणून ज्याला दुसरा आसराच नाही त्या कुटुंबाची झोपडी हलवायची, हे मला अजिबात मान्य नाही. दोन एकर बागायत असताना खळवाडीत गोठा बांधणारा आणि पोटापाण्यासाठी गायरान कसणारा भूमिहीन, या दोघांना अतिक्रमणाच्या नोंदवहीत एकच रकाना असला तरी गावानं दोघांकडे एकाच नजरेनं पाहू नये. मैदानासाठी आधी पहिल्याला उठवावं. गावात हे बोलणं अवघड असतं, कारण पहिला माणूस बहुधा कुणाच्या तरी गटाचा असतो.

पैशाची अडचण वाटते तेवढी नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींना मिळालेल्या निधीचा ६० टक्के भाग पाणी-स्वच्छतेसाठी बंधित होता, ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येईल असा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मुलांचा झोका आणि चाकाची खुर्ची आत येईल असा उतार, यांपेक्षा या पैशाचा सरळ वापर कुठला? रोजगार हमीच्या कामांच्या यादीतही क्रीडांगण आलेलं होतं. मैदानाला लागतं तरी काय: काट्याकुट्या काढून सपाटी, पावसाचं पाणी निघून जाईल असा किंचित उतार, चाळलेली माती, वर्षातून एकदा रोलर, उन्हाळ्यात पाणी आणि आठवड्याला फक्की. याला ठेकेदार लागत नाही. जत्रेच्या कुस्त्यांसाठी एका दिवसाची लाखांची वर्गणी गोळा करणारी गावं मला माहीत आहेत. त्यांच्याकडे हौस आहे, माणसं आहेत, हिशोब ठेवायची शिस्तही आहे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत ‘क्रीडांगण व्हावे’ असा मोघम ठराव नको. ठरावात गट नंबर हवा, क्षेत्र हवं, चतुःसीमा हव्यात, आणि ‘या जागेवर कोणतेही बांधकाम करू नये’ हे वाक्य हवं. मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत, तलाठ्याकडे नोंदीसाठी पाठपुरावा करावा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. हा विषय आधी तिथं मांडावा, कारण लेकरू संध्याकाळी कुठं आहे हे आईला विचारावं लागतं, आणि जागा कुठं असली तर मुलीला पाठवता येईल हे तिलाच ठाऊक असतं.

आणि एक माणूस हवा. ‘पायका’ बंद पडली तेव्हा तिच्यासोबत क्रीडाश्रीही गेला, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. प्रत्येक गावात असा कुणीतरी असतोच: शालेय जीवनात कबड्डी खेळलेला, आता दूध डेअरीत किंवा शेतात असलेला, पोरांनी हाक मारली की येणारा. खो-खो खेळलेली, लग्न होऊन गावात आलेली एखादी सूनही असते, तिला कुणी विचारलेलं नसतं. या दोघांना ग्रामपंचायतीनं थोडं मानधन देऊन संध्याकाळचे दोन तास मागावेत. मैदानाची किल्ली, फक्कीचं पोतं आणि दिव्याचं बटण त्यांच्याकडे द्यावं.